गजाल सांगूची कशी

स्टेजवर गजाल, म्हणजे गोष्ट, सांगायची असेल तर कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पोचा आणि सगळ्यांत आधी माइकवाल्याला गाठा. अध्यक्ष, सरपंच, पाहुणे नंतर भेटले तरी चालतात. आमच्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला किंवा गणपतीत जो साउंड असतो तो डबलबारी भजनासाठी, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यासाठी, लावलेला असतो, आणि बुवांना इको लागतो. बुवांचा 'विठ्ठल' तीनदा घुमला की कानाला बरं वाटतं. पण गजाल सांगणाऱ्याचं 'आणि म्हस परत झोपली' तीनदा घुमलं की मागच्यांना तीन म्हशी ऐकू येतात आणि कुठलीला हसायचं ते कळत नाही. तेव्हा माइकवाल्याबरोबर चहा घ्या, 'दादा, माझ्या वेळेला इको बंद' हे दोनदा सांगा, आणि स्टेजवर गेल्यावर 'हॅलो हॅलो' न करता एक साधं वाक्य बोलून बघा. वाक्य घुमलं तर त्याच्याकडे बघा. चहा प्यायलेला माणूस लगेच बटण फिरवतो.

मी कलाकार वगैरे नाही. एसटीत कंडक्टर होतो, १९८७ ते २०१९. मालवण, कट्टा, कसाल, कणकवली, नाहीतर चौके, धामापूरवरून कुडाळ, याच पट्ट्यात आयुष्य गेलं. गजाल म्हणजे काय हे बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्या मालवणीत गजाल म्हणजे गप्पा आणि गजाल म्हणजे गोष्टही. 'गजालीन घो खाल्लो' अशी म्हणही आहे, म्हणजे बाई गप्पांत इतकी रंगली की नवऱ्याचं वाटोळं झालं. मी बत्तीस वर्षं तिकिटं फाडता फाडता लोकांच्या गजाली ऐकल्या आणि रिटायर व्हायच्या थोडं आधी सांगायला लागलो. आता वर्षाला पंधरा-वीस ठिकाणी बोलावतात. वाडीची पूजा, शाळेचं गॅदरिंग, महिला मंडळाचं हळदीकुंकू, मुंबईत गाववाल्यांच्या मंडळाचं स्नेहसंमेलन. मानधन म्हणजे नारळ, शाल आणि जेवण. पोरं फोन करून विचारतात, 'काका, आमका पण सांगूचा आसा, कसा सांगूचा?' त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कुठली गजाल घ्यायची

मोबाइलवर फिरणारे विनोद मालवणीत करून सांगणारे पुष्कळ झालेत. नवरा-बायको, डॉक्टर-पेशंट, मास्तर-पोरगो. लोक हसतात, पण घरी जाईपर्यंत विसरतात, कारण तो माणूस कुठल्याच वाडीचा नसतो. गजालीतल्या माणसाला घर लागतं, घराला खळं म्हणजे अंगण लागतं, खळ्यात कोण बसलंय ते लागतं. मी एक चाचणी करतो. गोष्ट पुस्तकी मराठीत मनातल्या मनात सांगून बघतो. काहीच कमी झालं नाही, तर ती मालवणीत सांगायची गरज नव्हती. आणि उलट, पुस्तकी मराठीत सांगितल्यावर गोष्टच उरली नाही, नुसतं 'मेल्या' आणि 'मरे' होतं म्हणून लोक हसत होते असं लक्षात आलं, तर तीही टाकून देतो. ही दुसऱ्या प्रकारची गोष्ट जास्त घातक. तिच्यात लोक गोष्टीला हसत नाहीत, आमच्या बोलण्याला हसतात. शाळेत निबंधात 'माका' लिहिलं म्हणून मी वर्गात उभा राहिलोय. तेव्हा वर्ग हसला होता ते हसू मला स्टेजवर नको आहे.

गजाल घडलेली हवी, आणि शक्यतो तुमच्यावरच घडलेली. गाढव कोणीतरी ठरणार असतं, ते तुम्हीच ठरलात तर सभा लगेच तुमच्या बाजूला येते.

माझी सगळ्यांत जास्त मागणी असलेली गजाल, 'वस्तीची गाडी', अशीच आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. वस्तीच्या गाडीवर ड्यूटी. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. ज्या वाडीत गाडी थांबायची तिथे फारशी घड्याळं नव्हती, असलेल्यांना चावी कोण देतो. ड्रायव्हर सुटायच्या आधी अर्धा तास, साडेपाचला, एक लांब हॉर्न द्यायचा. त्या हॉर्नवर सगळी वाडी उठायची. एका रात्री मला डासांनी उठवलं. ड्रायव्हर देवळाच्या ओसरीवर घोरत होता. मी उगाच त्याच्या सीटवर जाऊन बसलो, आणि साडेतीन वाजता हॉर्न वाजवला.

कोणी 'काय झालं त्या रात्री' विचारलं तर मी एवढंच सांगेन: चुकून हॉर्न वाजला, लोकांना पहाट झाली असं वाटलं, सगळे उठले, मग गोंधळ झाला. आता यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. ही बातमी झाली. याची गजाल कशी करायची ते खाली सांगतो, कारण खरं काम तिथे आहे.

उलगडायची कशी

लिहून काढू नका. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करायचे, पण त्यांच्याकडे लेखकाची लिहिलेली कथा होती, शब्द तोलून मापून बसवलेले. आपण कागदावर लिहायला गेलो की हात आपोआप शाळेतलं मराठी लिहितो आणि मग स्टेजवर आपण अर्धी मालवणी, अर्धा निबंध बोलतो. आमच्याकडे त्यापेक्षा जवळचा गुरू आहे, दशावतार, आमचं लोकनाट्य. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, आणि बोलणं तिथल्या तिथे सुचतं. तसंच करा. निमंत्रणपत्रिकेच्या मागे पाच-सहा खुंट्या लिहा. माझ्या या गजालीच्या खुंट्या आहेत: डास, हॉर्न, पेज, म्हस, घंटा, सूर्य. एवढंच. मधलं बोलणं दर वेळी थोडं वेगळं होतं आणि व्हायलाच हवं. फक्त शेवटचं वाक्य शब्दन् शब्द पाठ. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आता ऐका.

'भायर काळोख असो, की आपलो हात आपणाक दिसाचो नाय. मी डायवराच्या शिटीर बसलंय. सहज. कोणी बघूक नाय. स्टेरिंग धरलंय. म्हटलंय, आपण पण डायवर झालंव असतंव. आणि हात गेलो… हॉर्नार.'

'पोंऽऽऽऽ.'

इथे थांबा. हॉर्न तोंडाने वाजवा, मोबाइलवर वाजवू नका. तोंडाने वाजवला की म्हातारा कंडक्टर गाल फुगवून उभा आहे हेच एक दृश्य होतं. हॉर्ननंतर मी चार मोजतो आणि अगदी हळू म्हणतो, 'मगे एक चूल पेटली.'

'पयली उठली माझी सासू. तेव्हा ती माझी सासू नाय होती. तिणा चुलीक जाळ घातल्यान, पेज ठेवल्यान. चेडवाक हाक मारल्यान, अगो ऊठ, गाडी सुटता! तां चेडू आता माझी बायको. ता अजून म्हणता, तुमी माझी झोप मोडलास ती मोडलास.'

पुढे त्याच वाडीतली मुलगी मी केली, ही खरी गोष्ट आहे, पण बघा ती कुठे सांगितली. सुरुवातीला 'ही माझ्या सासरवाडीची गोष्ट' असं सांगून टाकलं असतं तर हे हसू गेलं असतं. गजालीत माहिती आधी वाटायची नसते. तिकीट जसं माणूस चढल्यावर देतो तसं, ज्या क्षणी लागते त्या क्षणी द्यायची.

'मगे शेजारचे काका कासांडी घेवन गोठ्यात गेले. गोठ्यात म्हस. म्हशीचा नाव सुलोचना. काकांनी हाक मारली, सुलोचना, ऊठ गो. सुलोचनान एकदा काकांकडे बघल्यान. एकदा भायर काळोखाक बघल्यान.'

थांबा.

'आणि परत झोपली.'

ही ओळ सांगताना मी माझी मान म्हशीसारखी वळवतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, डोळे अर्धे मिटलेले. याच्यापेक्षा जास्त नाही. नवीन पोरं इथे चार पायांवर उतरतात. हात दोनच असतात आणि त्यातला एक माइक धरण्यात अडकलेला असतो, हे लक्षात ठेवून अभिनय ठरवा. सगळ्या वाडीत फक्त म्हशीला अक्कल होती हे मी कधीच बोलून दाखवत नाही. एकदा दाखवलं होतं, तेवढ्या वेळी कोणी हसलं नाही.

'काका म्हणतत, अगो, गाडयेचो हॉर्न ऐकूक नाय तुका?'

पुढे गुरव देऊळ उघडतो, घंटा वाजवतो, देवाला उठवतो. हा भाग मी पळवतो, कारण म्हशीनंतर लोकांना दम लागलेला असतो. मग सगळे बोचकी घेऊन स्टॉपवर येतात आणि उजाडायची वाट बघतात. चार वाजतात. साडेचार वाजतात. उजाडत नाही. आणि मी गाडीत सीटखाली लपलेला. कोणी म्हणत नाही की अजून रात्र आहे, कारण म्हणेल तो येडो ठरणार, सगळी वाडी शहाणी असताना. इथे आवाज खाली आणत न्यायचा, इतका खाली की मागची माणसं पुढे वाकतील. मग काका पूर्वेकडे बघतात. कपाळावर हात धरून बघतात. आणि निकाल देतात.

'माका वाटता… आज सूर्यानच उशीर केल्यान.'

नमस्कार करून खाली उतरा. यानंतर एक शब्द नाही. 'तर अशी ही आमच्या कोकणातली साधीभोळी माणसं' वगैरे तर अजिबात नाही. ते वाक्य मी एकदा एका निवेदकाकडून माझ्या गजालीनंतर ऐकलंय आणि घरी येईपर्यंत बायकोशी बोललो नव्हतो.

थांबायचं कुठे

गाडीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शेवटचा माणूस पायरीवर असताना दोन बेल देणारा कंडक्टर एक दिवस कोणाचा तरी पाय मोडतो. हशाचंही तसंच. मांडवात हसू पुढून मागे जातं. पुढच्या सतरंजीवरची पोरं आधी हसतात, मग खुर्च्या, मग मागे उभे असलेले, आणि रस्त्यावर मोटारसायकलला टेकलेले सगळ्यांत शेवटी. नवशिका पुढच्यांचं ऐकून पुढचं वाक्य टाकतो, ते मागच्यांच्या हसण्यात बुडतं. मागची टोळी हसून निम्मी शांत झाली की दोन बेल. पूर्ण शांत होऊ देऊ नका, मग गाडी परत पहिल्या गिअरमधून काढावी लागते.

आणि हसलेच नाहीत तर? काही नाही. ते वाक्य विनोदी नव्हतंच अशा चेहऱ्याने पुढे जा. 'कळला नाय वाटता' असं म्हणू नका. मी म्हटलंय. पुढच्या दहा मिनिटांत कोणी उगाच सुद्धा हसलं नाही.

सराव घरी करा, पण आरशासमोर नाही. आरसा आपल्या बाजूचा असतो. माझी बायको आडाळ्यावर नारळ खवत असते तेव्हा मी पलीकडे बसून सांगतो. ती बघत नाही, खवत राहते. जिथे तिचा हात थांबतो ती जागा चांगली. जिथे ती खवण्याचा वेग वाढवते ती जागा कापायची. याच पद्धतीने माझी तेवीस मिनिटांची वस्तीची गाडी चौदावर आली. वर ती चुका काढते ते वेगळंच. मी पूर्वी सासूने 'भाकरी टाकली' म्हणायचो. 'पहाटे माझी आवस कधी भाकरी भाजी होती? पेज ठेवी होती,' असं तिने सुनावलं. बरोबर होतं. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना एवढं एक चुकलं तरी पुढचं सगळं खोटं वाटतं.

प्रत्येक गजालीची तीन मापं ठेवा. चौदा मिनिटांची, सात मिनिटांची, तीन मिनिटांची. तुम्हाला सांगितलेली वेळ मिळत नाही, कारण तुमच्या आधी मान्यवर असतात. मान्यवर 'दोनच शब्द' म्हणून उभे राहिले की मी खिशातली पत्रिका काढून 'डास' आणि 'घंटा' खोडतो. बक्षीस समारंभ मध्ये घुसला की 'पेज'ही जाते. म्हस आणि सूर्य जात नाहीत.

शब्द

वाडीत सांगताना प्रश्नच नाही, सगळं मालवणीत. तरी सांभाळा, मालवणीही एक नाही. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे बोलण्यात कोकणीचा वास जास्त, कणकवलीच्या वर घाटाचा. 'इलो' म्हणणारा माणूस मध्येच 'आयलो' म्हणाला की पुढे बसलेली आजी शेजारणीला विचारते, 'ह्यो खंयचो गो?' ज्या गावची तुमची बोली, ती धरून राहा, दुसऱ्या गावात गेलात तरी. लोकांना पाहुण्याची बोली चालते, भेसळ चालत नाही.

मुंबईला मात्र विचार करावा लागतो. परळ, लालबागच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत गिरणीत काम केलेली माणसं असतात, त्यांना सगळं कळतं. मागे त्यांची नातवंडं, त्यांना 'कासांडी' माहीत नाही. मी थांबून अर्थ सांगत नाही, त्याने गजालीचा शिकवणीचा वर्ग होतो. मी कासांडी हातात धरतो. दोन गुडघ्यांत भांडं अडकवून बसल्यासारखा वाकतो, दोन्ही मुठी वरखाली करतो. नातवंडांना भांडं दिसतं. 'पेज' आली की फुंकर मारून एक घोट घेतो. एका गजालीत असे चार-पाच शब्दच ठेवायचे, बाकीचं बोलणं ओघात कळतं. 'काय मरे', 'येतंस मां?' असली शेपटं तर कोणालाही कळतात, कारण ती सुरात असतात. हा सूर तुम्ही तुमच्या आजोबांकडून घ्या. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी नाटक मुंबईच्या थिएटरांत गाजवलं, तेव्हापासून स्टेजवर चढलेला दर दुसरा मुलगा त्यांच्या आवाजात बोलतो. तो आवाज त्यांचा होता.

एक युक्ती संकासुराकडून. दशावतारात देव आणि राजे भारदस्त पुस्तकी भाषेत बोलतात आणि काळ्या पोशाखातला विनोदी राक्षस संकासुर त्यांच्यासमोर मालवणी फेकतो. हसू येतं ते दोन भाषा एकमेकींवर आपटतात तिथे. म्हणून सगळी पात्रं मालवणीत बोलवू नका. माझ्या गजालीत ड्रायव्हर साताऱ्याकडचा आहे, तो उठून 'काय झालंया? कुणी वाजीवला?' विचारतो, आणि सीटखालून मी एकदम शुद्ध मराठीत उत्तर देतो, 'मला कल्पना नाही.' घाबरलो की मी शुद्ध बोलतो. आमच्याकडचे बरेच जण बोलतात. तहसीलदारासमोर उभा राहिलेला मालवणी माणूस ऐकून बघा.

शिव्यांचं विचारतात. मालवणी आणि शिवी ही जोडी लोकांनी फारच डोक्यावर घेतलीय. आमच्याकडे 'मेल्या' ही शिवीच नाही, ती हाक आहे. त्याच्या पुढच्या ज्या आहेत त्या जत्रेत रात्री दोन वाजता चालतात, शाळेच्या गॅदरिंगला नाहीत. पण जागा रिकामीही ठेवायची नाही. मी शिवीच्या पहिल्या अक्षराला येऊन थांबतो आणि पुढे बसलेल्या भटजींकडे बघतो. शिवी सभा मनात पूर्ण करते. पाप त्यांचं.

निवेदकालाही आधी भेटा. तो चिठ्ठीवर 'आता ऐकूया अस्सल गावरान भाषेतली धमाल कॉमेडी' असं लिहून बसलेला असतो. त्याला सांगा, माझं नाव आणि गजालीचं नाव, बस्स. 'कॉमेडी' म्हटलं की लोक हाताची घडी घालून बसतात, हसव बघू.

मध्येच काय काय होतं

लाइट जाते. गेली तर माइक ठेवून खाली उतरा आणि लोकांमध्ये उभे राहा. माझी सगळ्यांत चांगली वस्तीची गाडी एका गणपतीत काळोखात झाली आहे. 'आपलो हात आपणाक दिसाचो नाय' म्हटलं आणि खरंच दिसत नव्हता.

मागून एखादा घेतलेला माणूस ओरडतो. त्याला उत्तर देऊ नका, त्याच्या शेजारचे देतात. पण शुद्धीतला म्हातारा उठून 'तसा नाय झाला ता' म्हणाला तर ते नशीब समजा. त्याला साक्षीदार करा. 'आबा, तुमीच सांगा, तेव्हा पयली गाडी किती वाजता सुटायची?' आबा सांगतात, तुम्ही मान डोलवता, गजालीला सरकारी शिक्का बसतो. फक्त माइक त्यांच्या हातात देऊ नका. मी एकदा दिला. त्यांनी त्यांच्या भावाच्या कोर्टकेसची गजाल सांगितली, पाऊण तास.

आणि नावं. हे मी शेवटी सांगतोय कारण इथे मी सगळ्यांत मोठा मार खाल्लाय. वस्तीची गाडी मी पहिल्यांदा सांगितली ती त्याच वाडीच्या सत्यनारायणाला. माणसांची नावं गाळली होती, काकांना नुसतं काका म्हटलं होतं. वाडीत काका चौदा. पण म्हशीचं नाव तसंच ठेवलं, कारण 'सुलोचना' शिवाय मजा नव्हती. आणि अख्ख्या पंचक्रोशीत सुलोचना नावाची म्हैस एकच झाली होती. दुसऱ्या दिवसापासून काका दिसले की पोरं विचारायची, 'काय काका, आज सूर्य येळेर इलो काय?' दुकानावर, नळावर, मयतीलासुद्धा. काकांनी सासऱ्यांच्या घरी येणं बंद केलं. खळ्यातली वाट सोडून मागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जायचे. एक आख्खा पावसाळा.

तुमच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून: ज्याची गजाल त्याला आधी एकट्याला ऐकवा. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या खळ्यात. तो हसला तर सांगा. नाही हसला तर गाव बदला, धंदा बदला, म्हशीची गाय करा. तोतरेपणा, व्यंग, कोणाची जात, कोणाच्या घरातलं भांडण, यावर काहीही हशा मिळत असला तरी ते घेऊ नका. तुम्ही टाळ्या घेऊन रात्रीच्या गाडीने जाता, तो माणूस सकाळी त्याच दुकानावर जातो.

मी चतुर्थीच्या आधी नारळ घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी नारळ घेतला, पाणी दिलं, बोलले काहीच नाहीत. त्यानंतर मी म्हशीचं नाव 'मोरी' केलं. सात-आठ वर्षं मोरीच सांगत होतो, हसू थोडं कमी यायचं, म्हटलं येऊ दे.

गेल्या गणपतीत त्याच वाडीत परत बोलावलं. काका आता काठीवर चालतात. पुढे खुर्चीत बसले होते. मी मोरी म्हशीची मान वळवली, सूर्याला उशीर केला, नमस्कार करून खाली उतरलो. काकांनी काठीने इशारा करून जवळ बोलावलं. म्हणाले, 'सगळा बरोबर सांगलंस. पण माझ्या म्हशीक सुलोचना म्हणाक तुका काय झालेला?'